फोनच्या पाठीवरचा फोटो

भाचीच्या फोनमध्ये २२ हजार फोटो आहेत. मी मोजायला गेलो नाही, गॅलरीतच आकडा दिसतो. आणि त्याच फोनच्या पारदर्शक कव्हरमध्ये, मागच्या बाजूला, एक छापील फोटो सारलेला आहे. एटीएम कार्डाएवढा, पांढऱ्या किनारीचा. त्यात ती आणि तिची मैत्रीण. दोघींच्या कपाळावर फ्लॅश आपटलाय, मागची भिंत काळीकुट्ट, आणि मैत्रिणीचा एक कान चौकटीबाहेर गेलाय. आतल्या २२ हजारांत याहून बरे दोनशे तरी सहज निघतील.

मी विचारलं, हाच का गं लावलास?

"मामा, हा एकच आहे ना."

मग तिच्याकडे नाही का?

"तिच्याकडे दुसरा आहे. त्यात माझे डोळे मिटलेत."

काढलेला फोटो तिथल्या तिथे कागदावर हातात देणाऱ्या इन्स्टंट कॅमेऱ्याचं हे वेड अजून कसं टिकून आहे असं विचारलं की जो तो एकच ठेवणीतलं उत्तर काढतो: नॉस्टॅल्जिया. मला ते पटत नाही. असे कॅमेरे पहिल्यांदा आणणाऱ्या पोलरॉइड कंपनीने फिल्म बनवणं बंद करतोय असं २००८च्या फेब्रुवारीत जाहीर केलं, तेव्हा ही पोरगी दुपट्यात होती. जे पाहिलंच नाही त्याची आठवण कुठून येणार? गहिवर येतो तो आमच्या वयाच्या लोकांना, आणि आमच्यातले बहुतेक जण फिल्म विकत घेत नाहीत, पोस्टी लिहितात. (हो, ही धरून.) विकत घेतायत ती पोरं. फुजीफिल्मने इन्स्टॅक्स हा आपला इन्स्टंट कॅमेरा १९९८ साली आणला. पुढे डिजिटल आलं, फोनला कॅमेरे आले आणि त्याचा खप वर्षाला जेमतेम लाखभर कॅमेऱ्यांवर घसरला. तिथून तो २०१८-१९ या आर्थिक वर्षात एक कोटीवर गेला. एवढा माल नुसत्या उसाशांवर खपत नसतो.

त्यातही गंमत अशी की ज्या कारणासाठी ही वस्तू जन्माला आली, ते कारण केव्हाच संपलंय. १९४३ साली पोलरॉइडचा संस्थापक एडविन लँड अमेरिकेतल्या सान्ता फेला सुट्टीवर होता. त्याच्या तीन वर्षांच्या मुलीने विचारलं, आत्ता काढलेला फोटो आत्ताच का नाही बघता येत? १९४७च्या फेब्रुवारीत त्याने न्यूयॉर्कमध्ये त्याचं उत्तर शास्त्रज्ञांसमोर करून दाखवलं आणि १९४८च्या नोव्हेंबरात पहिले कॅमेरे बोस्टनमध्ये विक्रीला आले. सगळी घाई होती ती फोटो लवकर बघायची. रोल संपेपर्यंत थांबा, मग धुवायला टाका, मग पाकीट आणायला जा, हे सगळं वाचवायचं होतं. आज फोनवर फोटो काढायच्या आधीच दिसतो. उलट पुन्हा सुरू झालेल्या पोलरॉइडची आजची रंगीत फिल्म पूर्ण उमटायला १०-१५ मिनिटं घेते. म्हणजे 'इन्स्टंट' नावाची चीज आता आपल्या हातातली सगळ्यात संथ चीज झालीय!

मग लोक घेतात कशाला? मला त्याचं उत्तर एका निवृत्तीच्या दिवशी मिळालं.

ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होणार होते. मी माझा इन्स्टॅक्स नेला, दहा फिल्मचा एक पॅक घालून. साहेबांचा पहिला फोटो खर्रकन बाहेर आला आणि त्यांनी सवयीने तो हलवायला घेतला. मी हात धरला. हलवून काही होत नाही. ती सवय जुन्या, वरचा कागद सोलून काढायच्या फिल्मची, तेव्हा फोटो ओला हातात यायचा आणि वाळवावा लागायचा. पोलरॉइडच्या १९७२च्या एसएक्स-७० कॅमेऱ्यापासून सगळं फिल्मच्या बंद पाकिटातच होतं. खालची ती रुंद पांढरी पट्टी आपल्याला नाव-तारीख लिहायची जागा वाटते, पण खरं तर तिथे रसायनाची बारीक पुडी असते. फिल्म बाहेर येताना दोन रुळांमधून जाते, पुडी फुटते आणि लेप सगळीकडे सारखा पसरतो. त्या लेपातच उजेड अडवणारा घटक असतो, म्हणून डार्करूमचं काम भर उजेडात, तळहातावर चालतं. मला तरी अजून ही जादूच वाटते.

तर साहेब किनार धरून उभे राहिले. भोवती पाच-सहा डोकी वाकलेली. आधी नुसता करडा-हिरवट पडदा. मग शर्टाचा गडद भाग वर आला, मग केसांची कड, चष्म्याची काडी. चेहऱ्याचा रंग सगळ्यात शेवटी भरला. तेवढी दोन-तीन मिनिटं त्या खोलीत कुणी दुसरं काही बोललं नाही. मग साहेबांनी तो शांतपणे पाकिटात ठेवला आणि विषय संपला.

त्या दिवशी फोनवरही ढीगभर फोटो निघाले. प्रत्येक फोटोनंतर "पाठव हं" आणि "पाठवतो, पाठवतो". आपण आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा दिलेलं आणि सगळ्यात कमी वेळा पाळलेलं वचन हेच असेल. माझ्या दहांपैकी नऊ मात्र जागच्या जागी त्या-त्या माणसाकडे गेले. माझ्याकडे उरला एक, ज्यात माझ्या बोटाने निम्मं भिंग झाकलंय.

मुद्दा हाच आहे. काढणाऱ्याकडे काही उरत नाही. निगेटिव्ह नाही, कॉपी नाही, क्लाउड नाही. फोनचा फोटो आपण 'शेअर' करतो, म्हणजे आपलं आपल्याकडे ठेवून दुसऱ्याला एक प्रत देतो. हा फोटो द्यावा लागतो. दिला की गेला.

हे जपायला काही लोकांनी जिवाचं रान केलंय. पोलरॉइडचा नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेचा कारखाना बंद होत असताना 'इम्पॉसिबल प्रोजेक्ट' नावाच्या नव्या कंपनीने तिथली यंत्रं वाचवली. जुनी रसायनं मिळेनात, फिल्म जवळजवळ नव्याने शोधावी लागली. २०१० साली ती बाजारात आली तेव्हा भलती नाजूक होती, बाहेर येताच उजेडापासून झाकावी लागायची. तरी लोकांनी घेतली. २०२०पासून त्याच कंपनीच्या मालावर पुन्हा 'पोलरॉइड' नाव आहे. खेळणं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच की अँसेल ॲडम्ससारखा काटेकोर छायाचित्रकार अनेक वर्षं पोलरॉइडचा सल्लागार होता.

आता तक्रारी. फिल्म महाग पडते, प्रत्येक क्लिकला काळजात चर्र होतं. रिकामी प्लॅस्टिकची कॅसेट दर दहा फोटोंमागे कचऱ्यात. थंडीत रंग निळसर, उकाड्यात पिवळट. व्ह्यूफाइंडर भिंगाच्या बाजूला असल्याने जवळून काढताना आपल्याला दिसतं एक आणि फिल्मला दुसरंच, मैत्रिणीचा कान गेला तो असा. आणि पॅक संपायच्या आत मागचं झाकण उघडलंत तर फिल्म पांढऱ्याफटक. मी उघडलंय. दोनदा.

यावर आता हायब्रिड कॅमेरे निघालेत, २०२१चा इन्स्टॅक्स मिनी ईव्हो तसला. आधी पडद्यावर बघा, आवडला तर छापा, हव्या तितक्या प्रती काढा. सोय उत्तम, पण मला तो चालणार नाही. मग मिटलेल्या डोळ्यांचा फोटो कुणी छापणारच नाही.

गेल्या आठवड्यात भाचीने फोन बदलला. २२ हजार फोटो रात्रभरात आपोआप नव्या फोनमध्ये गेले, ती झोपली होती. सकाळी जुन्या कव्हरमधला फोटो तिने नखाने अलगद सोडवला, शर्टाला पुसला आणि नव्या कव्हरमध्ये बसवायला घेतला. नव्या फोनला कॅमेऱ्याचं भोक मोठं आहे. बराच वेळ खालीवर सरकवत होती, मैत्रिणीचा उरलेला कान तरी दिसावा म्हणून.