माकडताप उतरला म्हणजे संपला नाही

गेल्या रविवारी सिंधुदुर्गातल्या दोडामार्गहून मावशीचा मेसेज आला. मजकूर तिचा नव्हता. गावागावांच्या ग्रुपवर फिरणारं ते लिखाण होतं, वर 'माकडतापाचं सत्य' असं ठळक अक्षरात. म्हणणं थोडक्यात असं: हा ताप माकडांमुळे येतो, माकडं मारली की प्रश्न मिटला. आठवड्याभरात ताप उतरला की माणूस बरा, रक्त तपासायची गरज नाही. नंतर कुणी बरळू लागला, हात थरथरू लागले तर तो तापाचा भाग नाही, बाहेरची बाधा आहे. तसंही या आजारावर औषध नाही. आणि ज्यांनी लस घेतली त्यांना काही धोका नाही.

खाली मावशीची स्वतःची एक ओळ होती: "आमच्या बाबूचो ताप उतारलो. आता दवाखान्यात न्हेवची गरज नाय."

ती ओळ वाचून मी तिथल्या तिथे फोन लावला. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण हा मेसेज तिच्या एकटीकडे नक्कीच आलेला नाही.

ताप आणि बाधा, या दोन मुद्द्यांनी जीव जाऊ शकतो, म्हणून आधी तेच. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, पसरतो गोचिडीतून: संसर्ग झालेली गोचीड चावली की त्याचा विषाणू रक्तात शिरतो. काही दिवसांत एकदम थंडी, सणकून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी. मग अंग मोडून येतं, उलट्या होतात, काहींच्या नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येतं. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप उतरतो आणि बहुतेक जण तिथून पुढे बरे होतात. मेसेजमधलं एवढं अर्धं खरं आहे, ते मी मान्य करतो.

पण सगळे नाही. अमेरिकेचं रोग नियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, या आजाराबद्दल स्पष्ट सांगतं की १० ते २० टक्के रुग्णांना तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला दुसरा झटका येतो. पुन्हा ताप, असह्य डोकेदुखी, मानसिक गोंधळ, हातापायांना कंप, नजरेत बिघाड. एकूण रुग्णांपैकी ३ ते ५ टक्के दगावतात. युरोप आणि रशियात गोचिडीमुळे मेंदूज्वर करणारा जो विषाणू आहे, त्याच्याच कुळातला हा विषाणू. तिथेही कित्येकांना असाच ताप येतो, उतरतो, मधले काही दिवस माणूस हिंडता-फिरता असतो आणि मग मेंदूवर घाला येतो.

या दुसऱ्या टप्प्यात मेंदू आणि त्याच्या भोवतीची आवरणं सुजतात. आवरणं सुजली की मान आखडते, हनुवटी छातीला टेकत नाही. मेंदू सुजला की माणूस भलतंच बोलतो, घरच्यांना ओळखत नाही, हातातला पेला थरथरतो, तोल जातो. मेसेजवाल्याने बाधेची म्हणून जी लक्षणं सांगितली, ती मेंदूला सूज आल्याची लक्षणं आहेत. त्या वेळी रुग्णाला देवापुढे गाऱ्हाणं घालायला नेलं तर हातातले मोलाचे तास जातात.

तपासणीही ताप उतरला म्हणून वाया जात नाही. पहिल्या दिवसांत पीसीआरने रक्तात विषाणू सापडतो, नंतर आयजीएम चाचणीत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं दिसतात.

औषध नाही? विषाणू मारणारं खास औषध नाही, बरोबर. पण सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, फिट आली तर ती थांबवणं, श्वासाला आधार, यावर माणसं जगतात. ते घरी होत नाही.

माकडांबद्दल. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार ओळखला गेला, तेव्हा जंगलात आधी माकडंच मरत होती. ती या विषाणूची बळी आहेत. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तीच जागा धोक्याची होते. म्हणजे माकडं मारून आपण गोचिडी आपल्याच बागेत पसरवणार. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचं. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि पुढच्या वर्षी आपल्या दोडामार्गात रुग्ण सापडले, तेव्हापासून काजू गोळा करणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं. रुग्णापासून घरच्यांना हा ताप लागत नाही, तेव्हा बाबूला वेगळं निजवायचंही कारण नाही.

लसीचं एका वाक्यात: कर्नाटकातल्या २००५ ते २०१० च्या अभ्यासात दोन डोसनी सुमारे ६२ टक्के आणि वर बूस्टर घेतल्यास ८३ टक्के संरक्षण दिसलं होतं, म्हणजे तेव्हाही पूर्ण नव्हतं, आणि आता ती जुनी लस देणं बंदच झालं आहे.

बाबूला पहिला ताप आला तो ४ तारखेला. तिसरा आठवडा १८ पासून सुरू होतो. मावशीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथून पुढच्या दहा दिवसांना गोल केलेत. रक्त तपासायला ती त्याला उद्या नेणार आहे. आणि मान आखडली, ताप परत चढला किंवा तो विचित्र बोलायला लागला, तर सकाळच्या एसटीची वाट न बघता रात्रीच गाडी करायची, असं आमचं ठरलंय.