बदलीची ऑर्डर

पुण्यात फुटबॉल बघतो असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मँचेस्टर की बार्सिलोना?" मी म्हणायचो, "एफसी पुणे सिटी." समोरचा क्षणभर गप्प व्हायचा आणि मग आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात विचारायचा, "पुण्याची टीम आहे?" २०१४ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाली तेव्हापासून पाच मोसम मी हे ऐकलं. फ्रान्सचा त्रेझेगे आमच्याकडून खेळला, रोमानियाचा मुतू खेळला, हृतिक रोशन सहमालक होता. त्यातलं हृतिक रोशन तेवढं लोकांना पटायचं. २०१९च्या उन्हाळ्यात मात्र प्रश्न बदलला. "तुमची ती टीम जाणार म्हणे?" म्हणजे टीम आहे याचा पत्ता नव्हता, ती जाणार याचा मात्र होता!

खरं तर पुण्यातल्या फुटबॉलवाल्याला याची सवय हवी. पुणे एफसी, भारत एफसी, डीएसके शिवाजियन्स हे आय-लीग या देशातल्या दुसऱ्या लीगचे तीन क्लब आमच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. पण ते गेले म्हणजे गेले, दहावं-तेरावं उरकलं. इथे तसं नव्हतं. रोज सकाळी उठून 'आज काय म्हणाले डॉक्टर' असं विचारत बसायचं.

आमचा एक्केचाळीस जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यातले तिघे मॅचला यायचे, बाकीचे गुड मॉर्निंग पाठवायचे. अफवा सुरू झाल्या आणि अडतीसच्या अडतीस जाणकार निघाले. कुणाचा मेहुणा हॉटेलात होता, कुणाचा मित्र खेळाडूंच्या बसच्या ड्रायव्हरला ओळखत होता. सोमवारी टीम हैदराबादला गेली, मंगळवारी परत आली, बुधवारी बंदच पडली. एकाने तर ती कोल्हापूरला जाणार असं छातीठोक सांगितलं. चौकशी केली तेव्हा कळलं, तो स्वतः कोल्हापूरचा होता.

कोल्हापूरकरांचं एक बरं आहे. त्यांचे संघ पेठांचे आणि तालमींचे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. शाहू स्टेडियमवर अर्धं गाव लोटतं. पाटाकडील तालमीचा संघ हैदराबादला चाललाय अशी अफवा उठवून बघा. संघ राहील तिथेच, उठवणाऱ्याला गाव सोडावं लागेल.

घरात माझं दुःख कुणी मनावर घेतलं नाही. बायको म्हणाली, "बालेवाडीचं स्टेडियम तरी कुठे जवळ होतं?" आम्ही हडपसरला राहतो, त्यामुळे मुद्दा बिनतोड होता. एकट्या बाबांनी पेपर खाली ठेवला. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. चौतीस वर्षांत नऊ बदल्या. बदलीच्या अफवेइतका जिव्हाळ्याचा विषय त्यांना दुसरा नाही.

"ऑर्डर निघाली?"

"नाही, नुसती चर्चा आहे."

"चर्चा करतंय कोण? साहेब की शिपाई?"

"व्हॉट्सॲप."

"म्हणजे शिपाईसुद्धा नाही." त्यांनी बशीत चहा ओतला. "हे बघ, ऑर्डरची वाट बघायची नसते. सामान बघायचं. नंदुरबारचे आमचे साहेब 'मी कुठे जातोय' म्हणून सगळ्यांना सांगत होते, पण पोराचा शाळेचा दाखला आठवड्यापूर्वीच काढलेला. दाखला आणि दूधवाल्याचा हिशेब. ही दोन कळली की माणूस कळला."

मला हे शास्त्र पटलं. रविवारी रेनकोट घालून मी स्कूटर काढली. हडपसरहून बालेवाडी, भर पावसात, टीमचं सामान बघायला. हायवेचं पाणी बुटांत शिरलं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं ते अवाढव्य संकुल आणि फाटकात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून डबा खाणारा एक वॉचमन.

"स्विमिंगचा फॉर्म उद्या," तो वर न बघता म्हणाला.

"स्विमिंग नाही. ती फुटबॉलची टीम आहे ना, ती गेली का?"

"कधी?"

"तेच विचारतोय."

"टीम काय, मॅच असली की येती."

"पण गोलची जाळी काढलेली दिसतेय."

आता मात्र त्याने वर पाहिलं. "पावसाळ्यात जाळी कोण लावतं?" मग माझ्या टपटपणाऱ्या रेनकोटकडे पाहून त्याचा सूर मवाळ झाला. "पैसे अडकलेत का तुमचे?"

काय सांगणार? मी मान हलवली. त्याने चपातीचा एक तुकडा पुढे केला, तो मी उभ्या उभ्या खाल्ला. मेथीची भाजी होती.

ऑगस्टअखेर ऑर्डर निघाली. पुण्याची जागा नव्या हैदराबाद एफसीने घेतली. प्रशिक्षक फिल ब्राउन तिकडे, आमचा स्ट्रायकर मार्सेलिन्यो तिकडे. "स्टाफसकट गेली," बाबा म्हणाले. त्याच सुमाराला दिल्ली डायनामोज भुवनेश्वरला जाऊन ओडिशा एफसी झाले, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. "साखळी बदली! मग दिल्लीला कोण आलं?"

"कुणी नाही."

"असं नसतं. जागा रिकामी ठेवत नाहीत."

हैदराबाद पहिल्या मोसमात तळाला राहिलं तेव्हा मला जो आनंद झाला तो लपवण्यासारखा होता. मी तो लपवला नाही. त्याचं फळ मार्च २०२२ मध्ये मिळालं. गोव्यात फातोर्ड्याला केरळा ब्लास्टर्सना पेनल्टीवर हरवून हैदराबादने आयएसएलचा चषक उचलला. आमच्याकडे मुलगा उपांत्य फेरीच्या पुढे कधी गेला नव्हता. बंगळुरूत त्यांच्या सुनील छेत्रीने तीन गोल मारून परत पाठवला होता. तोच मामाकडे जाऊन बोर्डात आला. ग्रुपवर एकाने लिहिलं, 'आपण जिंकलो.' त्या 'आपण'वरून रात्री दोनपर्यंत भांडण झालं आणि सकाळी ग्रुपमध्ये तेवीस जण उरले.

२०२५ मध्ये ऑफिसातला हैदराबादचा सहकारी माझ्या टेबलाशी आला. चेहरा ओळखीचा होता, म्हणजे मी आरशात पाहिलेला. त्यांच्याही टीमबद्दल काहीबाही कानावर येत होतं. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि अनुभवी माणसासारखं विचारलं, "दूधवाल्याचा हिशेब मिटवलाय का, बघितलंस?" तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.

पुढे ऑर्डर निघालीच. टीम दिल्लीला गेली, नाव पडलं स्पोर्टिंग क्लब दिल्ली. संध्याकाळी बाबांना सांगितलं. त्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून दोनदा सांगितलं. पुणे, हैदराबाद, दिल्ली, त्यांनी बोटांवर मोजलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"तुला म्हटलं नव्हतं? दिल्लीची जागा सहा वर्षं रिकामी होती."