घरचंच तर आहे, त्यात काय एवढं!

काल सोसायटीतल्या एका काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं, "चकली काय भाव देतेस गं?" मी सांगितला. त्यावर त्या म्हणाल्या, "अगो, इतका? घरीच तर करतेस ना!"

'घरीच तर करतेस' हे वाक्य चार वर्षांत इतक्यांदा ऐकलंय की आता राग येत नाही. पण उत्तर द्यायचं राहून गेलंय, ते इथे देते.

लिज्जतची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. १९५९, गिरगाव, सात बायका, ८० रुपये उसने. घरगुती धंद्याच्या प्रत्येक कार्यक्रमात ती सांगतातच. मला मात्र त्यातला एक शब्द सगळ्यात जास्त आवडतो, तो कोणी सांगत नाही. 'वणाई'. पापड लाटण्याची मजुरी. किती किलो लाटले, तेवढी वणाई. बाईच्या हाताच्या कामाला तिथे नाव आहे आणि भावही आहे. माझ्या पहिल्या वर्षाच्या वहीत डाळ, तांदूळ, तेल, पिशव्या सगळं लिहिलंय, फक्त मी कुठेच नाही.

पाच किलो चकलीचं सांगते. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, पोहे, धणे, जिरे, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर. दीड तास उभं राहून. घाई केली की डाळ वरून लाल आणि आतून कच्ची, चकलीला कच्चट वास येतो. मग गिरणी. तिथे आधी कोणाचे गहू दळले गेले असतील तर थांबायचं. मग मोहन, म्हणजे पिठात घालायचं गरम तेल, मळणं, सोऱ्या, तळणं. मोहन जास्त झालं की तेलात चकली विरघळते, कमी पडलं की कडक, दाताला लागते. एक घाणा बिघडला तर तो आमच्या घरी चहाबरोबर संपतो, गिऱ्हाइकाला जात नाही. पॅकिंग धरून दहा तास होतात.

तेव्हा विकत होते ३२० रुपये किलो. सामान, गॅस, दळण, पाकीट, लेबल मिळून २०५ जायचे. उरले ११५, आणि किलोमागे दोन तास. म्हणजे तासाला ५७ रुपये. त्यातून मोडक्या चकल्या आणि रिक्षाचं भाडं वजा करा. हे गणित लेकीने मांडलं, मी नाही. मी घाबरून तीन वर्षं मांडलंच नव्हतं.

२०२४ ला तर गंमतच झाली. गणपतीत दिवाळीच्या ऑर्डरी जुन्या भावाने घेऊन बसले, आणि १४ सप्टेंबरपासून केंद्राने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या खाद्यतेलावर मूळ शुल्क शून्य होतं ते २० टक्के. किलोमागे फरक दहा-बारा रुपयांचाच. पण "तेल महागलंय, भाव वाढलाय" हे चार शब्द मला गिऱ्हाइकांना टाइप करवेनात. वाण्याने दुसऱ्याच दिवशी न लाजता वाढवला!

नव्याने सुरू करणाऱ्या मुली मला मेसेज करून एफएसएसएआयचं, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायला लागणाऱ्या सरकारी नोंदणीचं विचारतात. ते सगळ्यात सोपं आहे गं. मी केली तेव्हा नोंदणीला वर्षाला १०० रुपये फी होती, ऑनलाइन अर्ज, १४ आकडी नंबर येतो, तो लेबलवर छापायचा. करूनच घ्या. अवघड आहे ते मावससासूबाईंना पैसे मागणं. "आपल्याच घरच्या" म्हणून दोन किलो नेतात आणि पुढच्या वर्षी तीन किलो सांगतात. मी आता घरच्यांनाही भाव आधीच पाठवते. दोघीजणी रुसल्या आहेत. एकीने तरीही ऑर्डर दिली.

वहीत आता एक नवा रकाना आहे, 'तळणाई'. शब्द लेकीने बनवलाय.

रविवारी भाजणी भाजायला घेतेय. मागच्या वर्षीच्या पोस्टमधला भाव बघून मेसेज करू नका, तो बदललाय. काकू, तुम्ही हे वाचत असाल तर तुमची एक किलो धरलीये.