दुवा पाठ नसली तरी सफेत या

मिरज-सांगलीकडच्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरतोय: 'जनाज्याच्या नमाजेतल्या चुका', म्हणजे दफनाआधी मयतीसाठी पढतात त्या नमाजेतल्या. त्यात म्हटलंय, दुवा (प्रार्थना) पाठ नसेल त्याने सफेत (नमाजेच्या रांगेत) उभं राहू नये, प्रत्येक तकबिरीला ('अल्लाहु अकबर' म्हणताना) मान वर करून आभाळाकडे बघावं, एखादी तकबीर हुकली की नमाज गेली, आणि बायको वारली की नवरा तिला परका, त्याने तोंड बघू नये, खांदाही देऊ नये. शेवटी 'सवाबसाठी (पुण्यासाठी) पुढे पाठवा'. मी काही पाठवणार नाही. इकडे आम्ही बहुतेक हनफी (सुन्नींच्या चार मझहबांपैकी, म्हणजे धर्मरीतीच्या परंपरांपैकी, एक), म्हणून त्याच रीतीने बोलतो.

आधी दुवेचं. या नमाजेला अजान नाही, इकामत (नमाज उभी राहतानाची हाक) नाही, रुकू (कमरेत वाकणं) नाही, सजदा (कपाळ जमिनीला टेकणं) नाही. उभ्या उभ्या चार तकबिरी. पहिलीनंतर हात बांधून सना (अल्लाहची स्तुती), दुसरीनंतर दरूद (पैगंबरांसाठीची दुवा, रोजच्या नमाजेत अत्तहियातनंतर म्हणतो तोच), तिसरीनंतर मयतीसाठी दुवा, चौथीनंतर दोन्हीकडे सलाम. पाच मिनिटंही लागत नाहीत. यात फर्ज (अनिवार्य) दोनच: उभं राहणं आणि चार तकबिरी. 'अल्लाहुम्मगफिर लिहय्यिना व मय्यितिना'च्या पुढे गाडी अडत असेल तर 'अल्लाहुम्मगफिर लिल मोमिनीन वल मोमिनात' (अल्लाह, सगळ्या ईमानवाल्या पुरुषांना, बायांना माफ कर) एवढं म्हणा. तेही जमेना तर इमामसाबांच्या मागे नुसत्या तकबिरी म्हणा, नमाज होते. शिवाय त्या पहिल्या, मोठ्या दुवेचा अर्थ तरी बघा: आमच्यातल्या जिवंतांना, गेलेल्यांना, हजर असलेल्यांना, नसलेल्यांना, लहानांना, मोठ्यांना, पुरुषांना, बायांना माफ कर. एवढ्या सगळ्यांना पोटात घेणारी दुवा, आणि ती येत नाही म्हणून माणसाने बाहेर थांबायचं?

कबरस्तानाच्या गेटाशी गाडीला टेकून मोबाईल चाळणारी पोरं बघून मला राग यायचा. एकाला टोकलं, तर खाली बघत म्हणाला, "चाचा, मला येत नाही. माझ्यामुळं मयतीला त्रास नको."

आभाळाकडे बघण्याला काडीचा आधार नाही. नजर खाली ठेवायची. हातसुद्धा फक्त पहिल्या तकबिरीला उचलायचे. शेजारी कोकणातला शाफई (दुसऱ्या मझहबाचा) पाहुणा असेल तर तो चारही वेळा उचलेल, पहिलीनंतर फातिहाही (कुराणाचा पहिला सूरा) वाचेल. त्याला कोपर मारू नका.

उशीर झाला तर इमामसाबांच्या पुढच्या तकबिरीला सामील व्हा. त्यांचा सलाम झाला की, जनाजा उचलायच्या आत, हुकलेल्या तकबिरी म्हणून सलाम फेरा. झालं.

चपलांबद्दल मेसेजात अक्षर नाही, आणि घोळ तिथेच होतो. चपला काढून त्यांच्यावर उभे राहिलात तर वरची बाजू पाक (शुद्ध) असली की पुरे. पायात ठेवल्यात तर तळवे पाक हवेत आणि खालची जमीनही.

आता नवऱ्याचं. हनफी रीतीत नवऱ्याने बायकोच्या मयतीला गुस्ल (दफनाआधीची अंघोळ) देऊ नये, उघड्या अंगाला हात लावू नये, एवढीच मनाई. तोंड बघता येतं, खांदा देता येतो, मेहरम (बाप, भाऊ, मुलगा असे जवळचे नातेवाईक) नसतील तर कबरीतही उतरवता येतं. बाकीच्या तीन मझहबांत तर गुस्लचीही मुभा आहे, आणि हजरत अलींनी आपल्या बीवीला, पैगंबरांच्या मुलीला, हजरत फातिमांना गुस्ल दिल्याची रिवायत (परंपरेने आलेली हकीकत) प्रसिद्धच आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांची बीवी वारली. जनाजा उचलताना ते पुढं सरकले, तर कुणीतरी दंड धरला, "चाचा, तुम्ही आता परके." त्यांच्या जागी खांद्याला लागला तो शेजारचा हिंदू दुकानदार. त्याला कुणी अडवलं नाही, अडवायचं कारणही नव्हतं. चाचा चिखलातून छत्री मिटलेलीच धरून मागून चालत राहिले.

परत येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं, "तोंड तरी बघू द्यायचं होतं, नाही?" मी गप्प बसलो. मौलानांना विचारलं ते दुसऱ्या दिवशी.