तळाला गेलं की संघ आपोआप वर येतो म्हणे!

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा मोसम संपला की तळातल्या संघांच्या चाहत्यांमध्ये एक सल्ला फिरायला लागतो. शब्द इकडेतिकडे होतात, मजकूर तोच. अर्धवट हरण्यात अर्थ नाही, हरायचं तर पूर्ण हरा. अनुभवी खेळाडू विकून टाका, तळ गाठा, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिला पिक (निवडीचा हक्क) घ्या, सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे पगारखर्चाच्या मर्यादेत, जागा मोकळी करा, मग मोठा स्टार स्वतःहून येईल. आणि शेवटी हुकमाचा एक्का: ओक्लाहोमा सिटीने हेच केलं आणि २०२५ मध्ये विजेतेपद नेलं.

सल्ला कडक वाटतो, म्हणून आवडतो. शिवाय त्यात धीर धरायची भाषा आहे, त्यामुळे सांगणारा शहाणा दिसतो. पण एकेक तुकडा वेगळा काढून पाहिला तर फार थोडं हाताला लागतं.

“सगळ्यात वाईट रेकॉर्ड म्हणजे पहिला पिक”

प्लेऑफ (मोसमानंतरची बाद फेरी) न गाठलेल्या संघांचा निवडीचा क्रम लॉटरीने ठरतो. २०१९ मध्ये आलेल्या नियमांप्रमाणे तळाच्या तीन संघांना पहिल्या पिकची सारखीच, प्रत्येकी १४ टक्के संधी मिळते. त्याआधी शेवटच्या संघाला २५ टक्के मिळायची. लॉटरीतले चेंडू फक्त पहिल्या चार जागा ठरवतात, बाकीचे संघ रेकॉर्डप्रमाणे खाली लागतात. म्हणजे सगळ्यात वाईट संघ फार तर पाचव्या जागेपर्यंत घसरतो, आणि तसं होण्याची शक्यता जवळजवळ ४८ टक्के आहे. पहिल्या जागेपेक्षा पाचवी जागा तिपटीहून जास्त संभाव्य! हे गणित सल्ल्यात कुठेच नसतं.

प्रत्यक्षातही तेच झालं. २०१९ ते २०२५ या सात लॉटऱ्यांत सगळ्यात वाईट रेकॉर्डच्या संघाला एकदाही पहिला पिक लागला नाही. २०२५ मध्ये युटाने ६५ सामने हरून पाचवा नंबर मिळवला. १८ विजयांवर थांबलेलं वॉशिंग्टन तर सहाव्यावर गेलं. पहिल्या पिकचा कूपर फ्लॅग गेला डॅलसला, ज्यांची शक्यता होती १.८ टक्के. त्याच्या आदल्या वर्षी अटलांटाने ३ टक्क्यांवर पहिला नंबर मारला होता.

जुन्या नियमांतही खात्री नव्हतीच. १९९७ मध्ये टिम डंकनसाठी अख्खं बॉस्टन डोळे लावून बसलं होतं. १५-६७ चा रेकॉर्ड (१५ विजय, ६७ पराभव), हातात दोन पिक, पहिल्या नंबरची मिळून ३६ टक्के शक्यता. पदरात पडले तिसरा आणि सहावा. डंकन सॅन अँटोनिओला गेला. २०१२ मध्ये शार्लट ७-५९ वर संपलं, आणि पहिल्या पिकचा अँथनी डेव्हिस न्यू ऑर्लिन्सच्या वाट्याला आला.

“पहिला पिक मिळाला की अर्धं काम झालं”

डंकन १९९७ चा पहिला पिक. त्याच्यानंतर २०२५ पर्यंत पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंपैकी ज्या संघाने निवडलं त्याच संघासाठी विजेतेपद जिंकणारे दोनच: लेब्रॉन जेम्स आणि कायरी अर्विंग. दोघांचं विजेतेपदही एकच, क्लीव्हलंडचं २०१६ चं. त्यातला लेब्रॉन मधली चार वर्षं मायामीला जाऊन परत आलेला.

उलट बाजूने पाहा. आपल्या संघाला विजेतेपद मिळवून देणारे हे खेळाडू ड्राफ्टमध्ये कितवे होते? निकोला योकिच ४१ वा. यानिस १५ वा. स्टेफन करी सातवा, क्ले थॉम्पसन ११ वा, ड्रेमंड ग्रीन ३५ वा. २०१९ मध्ये जिंकलेल्या टोरांटोच्या संघात लॉटरीतून, म्हणजे पहिल्या १४ मधून, निवडलेला एकही खेळाडू नव्हता. मोठा खेळाडू लागतोच, यावर वाद नाही. पण तो कुठल्या नंबरवर दडलाय हे ओळखणारी माणसं आणि त्याला घडवणारे प्रशिक्षक लागतात. हरण्याने ती येत नाहीत.

“अनुभवी खेळाडू विका, पोरांना मिनिटं द्या”

या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण ऑफसीझनमध्ये सर्वाधिक नुकसान इथेच होतं. आणि याचं उत्तर डेट्रॉइटने स्वतःच्या अंगावर लिहून दाखवलंय.

डेट्रॉइट पिस्टन्सने २०२० ते २०२३ या सलग चार ड्राफ्टमध्ये पहिल्या सातांत निवड केली: किलियन हेज सातवा, केड कनिंगहॅम पहिला, जेडन आयव्ही पाचवा, ऑसार थॉम्पसन पाचवा. शिवाय १३ वा जेलन ड्युरेन. सल्ल्याबरहुकूम चाललेला संघ. केड आल्यानंतरचे तीन मोसम असे: २३-५९, १७-६५, १४-६८. खाली खालीच. (मधल्या मोसमात केड दुखापतीमुळे १२ सामनेच खेळला, तेवढी सूट देऊ.) २०२३-२४ मध्ये एकाच मोसमात सलग २८ पराभवांचा विक्रम झाला. बक्षीस काय? लॉटरीत पुन्हा पाचवा नंबर, सलग दुसऱ्या वर्षी.

त्या संघात हुशार पोरं होती. मग अडत कुठे होतं? केड स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या सहकाऱ्याच्या, आडून बाहेर पडून रिंगकडे वळला की कोपऱ्यात उभ्या सहकाऱ्याचा बचावपटू त्याला सोडून बिनधास्त आत सरकायचा. कोपऱ्यातला माणूस थ्री (लांबून तीन गुणांचा शॉट) टाकणार नाही, टाकला तरी जाणार नाही, हे त्या बचावपटूला माहीत असायचं. केडसमोर दोन माणसं, रिंगखाली तिसरा. पास दिला तर तो चुकलेल्या शॉटमध्ये संपणार, नाही दिला तर चेंडू हातातून जाणार. अशा संघात तरुण गार्डला (चेंडू घेऊन खेळ रचणाऱ्याला) कितीही मिनिटं द्या, तो गर्दीत चेंडू सांभाळायला शिकेल, खेळ वाचायला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात त्यांनी वरच्या माणसांपासून बदल केला. ट्रेजन लँग्डन प्रमुख झाला. सहा वर्षांचा करार असलेल्या प्रशिक्षक मॉंटी विल्यम्सला एका मोसमात काढून जे. बी. बिकरस्टाफला आणलं. खेळाडू कोण आणले? टोबायस हॅरिस, दोन वर्षांसाठी सुमारे ५ कोटी २० लाख डॉलर. मलिक बीझली, एका वर्षासाठी ६० लाख. आणि टिम हार्डवे ज्युनिअर, ज्याला डॅलस पगाराच्या ओझ्यामुळे सोडायला तयार होतं. त्याच्यासाठी क्वेंटिन ग्राइम्स दिला, पण वर तीन सेकंड राउंड (ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतले) पिक उलट डेट्रॉइटलाच मिळाले. तिन्ही नावं अशी की ऐकून कुणी उडी मारणार नाही. बहुतेकांनी नाकं मुरडलीच.

२०२४-२५ मध्ये बीझलीने ३१९ थ्री मारले, लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकाचे. त्याच्या बचावपटूला आता एक पाऊलही आत टाकता येईना, आणि केडला आत जायला वाट मिळाली: सरासरी २६.१ गुण, ९.१ असिस्ट (गुण मिळवून देणारे पास), ऑल-एनबीए, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तमांच्या, संघात जागा. आयव्हीचा पाय १ जानेवारीला मोडला, तरी संघ ४४-३८ वर पोचला. १४ वरून ४४. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्कला त्यांच्याच मैदानावर दुसऱ्या सामन्यात हरवून २००८ पासूनची सलग १५ पराभवांची रांग मोडली. मालिका सहा सामन्यांत गेली, पण तो वेगळा विषय.

केड हरण्यातूनच आला, हे मान्य. ही बाजू लपवून प्रतिवाद करण्यात मजा नाही. पण तो येणं आणि संघ उभा राहणं यांच्यात तीन वर्षं वाया गेली. शेवटी जे कामाला आलं ते सल्ल्यात पहिल्या फटक्यात विकायला सांगितलेलं सामान होतं: तिशीच्या आसपासचे, शॉट मारणारे, वेळेवर जागेवर उभे राहणारे खेळाडू.

ह्यूस्टनचंही तसंच. तीन मोसम १७, २० आणि २२ विजय. २०२३ च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक इमे उडोका आणि अनुभवी फ्रेड व्हॅनव्लीट, डिलन ब्रुक्स आले. पुढच्या मोसमात ४१-४१, त्यापुढच्या ५२-३०.

“कॅप मोकळी ठेवा, स्टार येईल”

येत नाही हो! २०१९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कने आपल्या पोरझिंगिसला ट्रेड करून (दुसऱ्या संघाशी अदलाबदल करून) दोन मोठ्या करारांची जागा केली. ड्युरंट आणि अर्विंग हे दोन स्टार त्याच शहरात आले, पण ब्रुकलिनकडे.

आता तर स्टार बाजारात येण्याआधीच आपल्या संघाशी करार वाढवून घेतात, आणि जायचं असेल तर ट्रेड मागतात. उघड्या बाजारात उरतात ते वयाने किंवा दुखापतींनी वाकलेले. २०२४ मध्ये फिलाडेल्फियाने अशीच जागा वापरून ३४ वर्षांच्या पॉल जॉर्जला चार वर्षांसाठी सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर दिले. तो ४१ सामने खेळला, संघाचा मुख्य खेळाडू एम्बीड १९, आणि संघ २४-५८ वर संपला. त्याच उन्हाळ्यात त्यांनी जाऊ दिलेला हॅरिस डेट्रॉइटसाठी प्लेऑफ खेळत होता.

मोकळ्या कॅपचा खरा उपयोग दुसराच आहे. २०२५-२६ साठी कॅप सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर आणि दुसरा एप्रन (कॅपच्या वरची कडक मर्यादा) २० कोटी ७८ लाख. तो एप्रन ओलांडणाऱ्या संघाला ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करता येत नाहीत, मिड-लेव्हल (कॅप ओलांडूनही देता येणारा मध्यम पगाराचा) करारही देता येत नाही. म्हणून जिंकणारे संघसुद्धा चांगले खेळाडू सोडायला लागलेत. २०२४ च्या विजेत्या बॉस्टनने वर्षभरातच हॉलिडे आणि पोरझिंगिस दोघांना पाठवून दिलं. दुबळ्या संघाने या दारात उभं राहावं: पगार उचलायचा, सोबत पिक मागून घ्यायचे.

“ओक्लाहोमा सिटीने हेच केलं”

हे वाक्य ऐकलं की २०१९ चा जुलै आठवून द्यावा. लॉस एंजेलिस क्लिपर्सना स्टार कवाय लेनर्ड हवा होता, आणि त्यासाठी ओक्लाहोमाचा पॉल जॉर्ज हातात असणं भाग होतं. ओक्लाहोमाचा प्रमुख सॅम प्रेस्टीने त्यांची अगतिकता ओळखली आणि किंमत लावली: शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पाच फर्स्ट राउंड (पहिल्या फेरीतले) पिक आणि दोन स्वॅप (पिक अदलाबदलीचे हक्क). पुढे विजेत्या संघाचा म्होरक्या झालेला शे हा ड्राफ्टमध्ये ११ वा होता, आणि निवडलं होतं दुसऱ्यांनी. त्या पाचांपैकी एक पिक २०२२ मध्ये १२ व्या क्रमांकावर लागला आणि जेलन विल्यम्स आला, ज्याने २०२५ च्या अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात ४० गुण केले. तो पिक क्लिपर्सच्या पराभवांतून आला, ओक्लाहोमाच्या नाही.

त्या ट्रेडनंतरच्या पहिल्याच मोसमात ख्रिस पॉलला घेऊन ते ४४-२८ खेळले आणि प्लेऑफला गेले. खरे हरण्याचे मोसम दोन, २२-५० आणि २४-५८. त्यातून चेट होल्मग्रेन दुसऱ्या क्रमांकावर मिळाला, हे श्रेय त्या हरण्याला द्यावंच लागेल. पण त्याच काळात सहाव्या क्रमांकावर मिळालेला गिडी २०२४ च्या उन्हाळ्यात देऊन त्यांनी तिशी गाठलेला कारुसो घेतला, आणि हार्टनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलर मोजले. लू डॉर्टला तर ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंही नव्हतं.

सल्ला शब्दशः पाळला तो फिलाडेल्फियाने. २०१३ ते २०१७ या चार मोसमांत ३२८ पैकी ७५ विजय. एम्बीड मिळाला, तो २०२३ मध्ये एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. सिमन्स मिळाला. २०१७ मध्ये पहिला पिक घेण्यासाठी त्यांनी बॉस्टनला तिसरा पिक आणि वर आणखी एक दिला. फुल्ट्झ आला, आणि पुढे स्टार झालेला टेटम तिसऱ्या पिकवर बॉस्टनला गेला. तेव्हापासून २०२५ पर्यंत हा संघ एकदाही दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. आणि बॉस्टनकडे तो पहिला पिक होता कुठून? ब्रुकलिनशी २०१३ मध्ये केलेल्या ट्रेडमधून. २०१६-१७ च्या मोसमात बॉस्टनने स्वतः ५३ सामने जिंकले होते.

“मधेच अडकण्यापेक्षा तळ बरा”

सल्ल्यातला हा एकच तुकडा थोडा दमदार आहे. दरवर्षी नववं-दहावं येणं खरंच कंटाळवाणं, आणि तेच करार तसेच वाढवत नेणं त्याहून वाईट. पण मधून बाहेर पडायला खालीच जावं लागतं, हे कुणी सांगितलं? फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानाने दोनदा ऑल-स्टार झालेला साबोनिस सॅक्रामेंटोला दिला आणि टायरिस हॅलिबर्टन घेतला. जानेवारी २०२४ मध्ये तीन फर्स्ट राउंड पिक देऊन सियाकाम आणला. पिक साठवून ठेवायच्या जमान्यात खर्च केले. ३५, ४७, ५० असे विजय वाढत गेले आणि २०२५ मध्ये अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत गेली. २०२१-२२ चा एक मोसम त्यांचाही २५ विजयांचा होता, आणि त्यातून सहावा पिक आला: बेनेडिक्ट मॅथुरिन. अंतिम फेरीत तो बाकावरून उठून खेळत होता, आणि तिसऱ्या सामन्यात त्याने २७ गुण करून दिले.