आत्याचा अंगठा

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर एका चुलतभावाने पेपरातलं कात्रण टाकलं. वडिलोपार्जित जमिनीत लेकींनाही समान वाटा, हायकोर्टाचा निकाल. खाली त्याची स्वतःची ओळ : 'आता ओवाळणीत एकर मागतील.' त्यावर चौदा जणांनी हसणारे चेहरे टाकले. मी मोजले. त्यात माझा सख्खा दादा पण होता.

तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. भाजी करपली, शेवटी मोबाईल घेऊन बसले. लिहिते आता, लांबलं तर लांबू दे.

कारण परवाच दादाचा फोन आला होता. म्हणाला, भाऊबीजेला येशील तेव्हा एक दिवस जास्त काढून ये, निपाणीला रजिस्टर ऑफिसात एक सही आहे. आप्पा जाऊन वर्ष झालं. वारसा नोंद झाली, उताऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावं चढली. आता दोघी बहिणींची कमी करायची. 'एक सही आहे.' जसं काही गॅसचं बुक आणायचंय.

मला लगेच आत्याचा अंगठा आठवला.

१९८९ साल. मी अकरा वर्षांची. शाळेला सुट्टी होती म्हणून आप्पांनी मलाही निपाणीला नेलं, भेळ देतो म्हणाले. ऑफिसच्या बाहेर बाकड्यावर आत्या बसली होती, कागलकडनं सकाळच्या एसटीने आलेली, डोक्यावर पदर. आत बोलावलं. कारकुनाने तिचा अंगठा स्वतःच्या हातात धरला, शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर फिरवला. एकदा, दोनदा, तीनदा. निपाणी कर्नाटकात, म्हणून कागद कन्नडात. आत्याला मराठीसुद्धा जेमतेम वाचता यायचं. तिने आप्पांना विचारलं, 'काय लिवलंय रं ह्यात?' आप्पा म्हणाले, 'काय न्हाई गं, नावं घातल्यात.'

तिने अंगठा केसांना पुसला. तेलाच्या केसांना पुसला की शाई निघते म्हणून. मग बाजारात जाऊन तिला साडी घेतली आणि मला भेळ. मी खाल्ली.

माझे आप्पा वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते. ते महाराष्ट्र एकीकरण समितीचे कार्यकर्ते. ८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पाठीवर लाठी खाल्लेले. दर १ नोव्हेंबरला काळी फीत लावून बेळगावच्या फेरीला जायचे. आम्ही पोरं विचारायचो, आप्पा, आपण काळा दिन का पाळतो? ते म्हणायचे, १९५६ ला आम्हाला कुणी विचारलं नाही. आमचं घर कुठल्या राज्यात जाणार हे आम्हाला न विचारता ठरवलं.

आणि त्याच माणसाने ८६ नंतर अवघ्या तीन वर्षांत, सख्ख्या बहिणीचा अंगठा तिला न वाचता येणाऱ्या कन्नड कागदावर घेतला. 'नावं घातल्यात' म्हणून.

आपण सीमाभागातली माणसं, मराठीतून कागद द्या म्हणून तहसीलदारापुढे बसतो. बरोबरच आहे, बसलंच पाहिजे, मी पण बसलेय. पण तो कागद आपल्याच बहिणीला मराठीतून वाचून दाखवायला कुठल्या सरकारने अडवलं होतं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा ह्याच ग्रुपवर किती आनंद. न्याय दारात आला म्हणे. आपले खटले तिथे चालतच नाहीत, आपल्याला कर्नाटक हायकोर्टाचं धारवाडचं बेंच. तेही २००८ पासून, त्याआधी बेंगळुरूची पाचशे किलोमीटरची वारी. तरीही आनंद, कारण आपली माणसं. मग ह्या आपल्या माणसांत बहीण कधी येणार?

आणि ज्यांना वाटतं हे लेकींच्या वाट्याचं खूळ दिल्लीतून आलंय, त्यांना सांगते, ह्या सगळ्यातला एक मोठा खटला आपल्या बेळगावचा आहे. १९९२ साली बेळगावच्या दिवाणी न्यायालयात एका लेकीने वाटणीचा दावा लावला. वडील १९८८ ला वारलेले, तिने सातवा हिस्सा मागितला. दावा चालू असतानाच २००५ चा हिंदू वारसा दुरुस्ती कायदा आला, लेक जन्मानेच वाटेकरी झाली. हायकोर्टाने त्या कायद्याप्रमाणे तिच्या बाजूने निकाल दिला. २०१५ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही, कायदा लागू झाला त्या ९ सप्टेंबर २००५ ला बाप जिवंत असायला हवा होता. तेवीस वर्षं लढून ती बाई ह्या मुद्द्यावर हरली. पुढे ११ ऑगस्ट २०२० ला त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो निकाल चूक ठरवला. बाप त्या दिवशी जिवंत असो नसो, लेकीचा हक्क जन्माने. कल्पना करा, हरल्यावर पाच वर्षांनी कोर्ट सांगतंय की तुझा मुद्दा बरोबर होता. तिच्या घरच्या ग्रुपवर पण चौदा जण हसले असतील का?

त्याच वर्षी डिसेंबरात कर्नाटक हायकोर्टाचा आणखी एक निकाल. तोही आपल्या जिल्ह्यातला, मार्केट कमिटीच्या एका सेक्रेटरीच्या लेकीचा. वडील नोकरीत असताना गेले, तिने अनुकंपेवर अर्ज केला, तर नियम दाखवला : लग्न झालेली लेक कुटुंबात धरत नाहीत. लग्न झालेला मुलगा मात्र चालतो. कोर्टाने तो नियमच काढून टाकला. लग्न झालं म्हणून लेक बापाची राहत नाही हे कुठून आलं, सांगा मला. कर्नाटकाने १९९४ ला लेकींना वाटा दिला तेव्हासुद्धा आधी लग्न झालेल्यांना वगळलंच होतं.

होय, माहितीये. आई-बापाचं दुखणंखुपणं भाऊ काढतो, सोसायटीचं कर्ज भाऊ फेडतो. दादाने आप्पांचं शेवटचं दीड वर्ष काढलं, वहिनीने अंथरूण धुतलं. ते मी विसरले नाही. आणि सासरच्यांनी चिथावून दावे लावणाऱ्याही आहेत, असतील. अडीच एकराचे तीन तुकडे झाले तर त्यात ऊस काय नि तंबाखू काय, हे पण खरं.

पण मग तसं बोला ना. समोर बसवून सांगा, बाई, तुझा एवढा वाटा निघतो, माझी अशी अशी अडचण आहे, तू काय म्हणतेस? कितीतरी बहिणी हसत सोडतील. आत्याने पण सोडलं असतं. तिला विचारलंच नाही, फसवून घेतलं, हे मला आज छत्तीस वर्षांनी लिहितानासुद्धा घशाशी येतंय.

नंतर एकदा मी तिला विचारलं होतं, आत्या, तुला कळलं होतं का गं कशावर अंगठा देतेस ते? म्हणाली, 'न कळायला मी काय बारकी पोर हुते व्हय? माझं म्हायार तेवढं ऱ्हाऊ दे म्हटलं.'

म्हणजे तिला माहीत होतं. आणि तरी तिने विचारलं होतं, काय लिवलंय रं. भावाने एकदा खरं सांगावं एवढ्यासाठीच विचारलं असणार.

तिचा कागद आता पक्का आहे. २० डिसेंबर २००४ च्या आधीचे असले व्यवहार नव्या कायद्याने उकरता येत नाहीत, वकिलाला विचारून झालंय. आत्या ऐंशीच्या पुढे गेली, तिला ते नकोही आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तिने आप्पांकडे पैसे मागितले तेव्हा आप्पांनी दिले, पण उसने म्हणून वहीत लिहून ठेवले. ती वही दादाकडे आहे. तिचे तिलाच उसने दिले.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबर २०२३ ला, आपल्या वंटमुरीत एका आईला विवस्त्र करून खांबाला बांधून मारलं. का, तर तिच्या मुलाने गावातली मुलगी पळवून नेली. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती प्रसन्न वराळे होते, जन्माने निपाणीचे, आपल्या मातीतले. मारणारे तर आरोपी होतेच, पण जे नुसते बघत उभे राहिले त्यांच्यावरही कोर्टाने ताशेरे ओढले. त्या भयंकर गोष्टीची आणि अंगठ्याची बरोबरी मी करत नाही, होऊच शकत नाही. पण ती बातमी वाचताना 'बघत उभे राहिले' ह्या शब्दांशी मी अडकले. त्या ऑफिसात मी उभी होते. अकरा वर्षांच्या पोरीने काय करायचं होतं, माहीत नाही. पण मला शाळेत कन्नड होतं, अक्षरं लागत होती. मी कागद बघितला पण नाही. माझं लक्ष भेळेकडे.

दादा, तू हे वाचणार, वहिनी तर आधी वाचेल. चिडू नकोस. तो हसणारा चेहरा तू सवयीने टाकला असशील, मला माहीत आहे तू कसा आहेस ते. भाऊबीजेला मी येणार, ताईला पण घेऊन येणार, वहिनीच्या हातच्या करंज्या खाणार. एक दिवस जास्त काढूनही येते. फक्त रजिस्टर ऑफिसात परस्पर बोलावू नकोस. कागद आदल्या रात्री घरी आणून ठेव, जेवणं झाल्यावर तिघं बसू. कन्नडात असला तरी चालेल. मी वाचून दाखवते.