हिमोग्लोबिनच्या कुरडया

"त्यात काय, दहा मिनिटांचं काम," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. लेख तयार होता. पहिली आकृती तेवढी राहिली होती: ऑक्सिजन धरून बसलेल्या हिमोग्लोबिनचं एक देखणं चित्र. मी मान डोलावली. पीएचडीच्या विद्यार्थिनीची मान आडवी हलतच नाही.

घरी येऊन पायमॉल, म्हणजे रेणूंची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, सुरू केलं आणि प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातून ४ एचएचबी ही फाईल उतरवून घेतली. हिमोग्लोबिन म्हटलं की जो तो हीच फाईल घेतो, म्हणून मीही घेतली. चार साखळ्या (दोन अल्फा, दोन बीटा), ५७४ अमिनो आम्लं, साडेचार हजारांवर अणू, आणि सगळं हिरवंगार. न सांगता कार्बनला हिरवा रंग द्यायची पायमॉलची रीतच आहे. आई मागून डोकावली.

"रक्तातलं ना हे? मग मेथीच्या जुडीसारखं का दिसतंय?"

"अगं, अणूंना रंग नसतो. उजेडाच्या लाटेपेक्षा हा रेणू पन्नास पटींहून लहान आहे. आपण देऊ तो त्याचा रंग."

"मग लाल दे की!"

लाल दिला. आता अल्फा साखळी कुठली आणि बीटा कुठली ते कळेना. बीटा निळ्या केल्या, तर गणपतीतली रोषणाई झाली. त्यात पाण्याचे दोनशेच्या वर रेणू लाल फुल्या होऊन सगळीकडे उमटलेले, रेणूला गोवर आल्यासारखे. त्या काढायला गेले आणि घाईत 'हाईड एव्हरीथिंग' देऊन बसले. पडदा काळाकुट्ट. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत केलेलं मागे घेणारं 'अंडू' नव्हतं. (आयुष्यातही नाही म्हणा, पण तिथे निदान अर्धा तास कोन जुळवलेला नसतो.)

पुन्हा पहिल्यापासून. कोन हा प्रकार मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमासारखा. हेममधलं (साखळीतल्या ऑक्सिजन धरणाऱ्या चकतीमधलं) लोह समोर आणावं तर एक हेलिक्स, म्हणजे साखळीचा मळसूत्रासारखा वळलेला भाग, आडवी येते, तिला बाजूला करावं तर दुसरी साखळी मागे तोंड लपवते. साखळ्या दाखवणाऱ्या या फिती मुळात जेन रिचर्डसन या शास्त्रज्ञ बाईंनी हाताने काढल्या, १९८१ साली छापून आल्या. कागद आणि पेन्सिल! त्यांचा रेणू मध्येच गरकन फिरून पाठमोरा होत नसणार.

रात्री साडेदहाला सगळं जुळलं. पार्श्वभूमी पांढरी केली आणि 'रे' हा हुकूम सोडला. म्हणजे प्रकाशाचा एकेक किरण कुठे आपटेल, सावली कुठे पडेल, याचा हिशोब संगणकाने करायचा. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरू लागला. आकृती पानभर रुंद, १७ सेंटीमीटर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे साधारण दोन हजार पिक्सेल पुरे होते. मी हावरटपणे दहा हजार दिले होते. वाट बघताना हिमोग्लोबिनची रचना शोधणारे शास्त्रज्ञ मॅक्स पेरुत्झ आठवले. त्यांनी १९३७ साली हिमोग्लोबिन हातात घेतलं आणि त्याचा पहिला ढोबळ आकार छापून आला १९६० साली. काम किती झालं ते दाखवणारी माझी पट्टी ज्या वेगाने सरकत होती त्यावरून मला त्यांचा विक्रम धोक्यात दिसू लागला.

आणि चित्र आलं! फितींवर चकाकी, खाली मऊ सावल्या. "कुरडया छान पडल्यात," आई म्हणाली. मी खुशीत चित्रावर क्लिक केलं.

संपलं. 'रे' झाल्यावर चित्राला हात लावायचा नसतो, आधी सेव्ह करायचं असतं, हे मीच ज्युनिअर मुलांना दटावून सांगते. चकाकी गेली, सावल्या गेल्या, समोर पुन्हा दातेरी कडांच्या फिती.

दुसऱ्यांदा दोन हजारच पिक्सेल दिले, दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि मग एका बोटाने सेव्हचा हुकूम टाईप केला. रात्रीचा एक वाजला होता. आईला हाक मारून झूम करून दाखवलं: हे हेम, हा मधला नारिंगी गोळा म्हणजे लोह.

"आणि ऑक्सिजन कुठं बसतो?"

"इथे, लोहाच्या शेजारी..." म्हणत मी बोट नेलं. तिथे काहीच नव्हतं. चारही हेम पाहिले. चारही जागा रिकाम्या, शेवटची बस सुटल्यावरच्या थांब्यासारख्या. फाईलचं शीर्षक मी सात तासांत पहिल्यांदा वाचलं: डीऑक्सी हिमोग्लोबिन. ऑक्सिजन नसलेलं.

ऑक्सिजनवालं १ एचएचओ. ते उघडलं. पुन्हा हिरवंगार, पण या वेळी साखळ्या दोनच. स्फटिकात उरलेला जोड सममितीने येतो, म्हणून फाईलमध्ये अर्धाच रेणू लिहिलेला असतो, बाकीचा आपला आपण तयार करून घ्यायचा.

आईने चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. "अर्धंच आलंय होय? मग झोप आता. उरलेलं सकाळी कर."